सरकारी संगणक प्रकल्प बुडतात ते कुठल्या टेबलावर

प्रश्न थोडक्यात असा आहे: सरकारकडे पैसा असतो, मोठ्या कंपन्या कामाला लागलेल्या असतात, अधिकारीही हुशार असतात, तरी मोठे तंत्रज्ञान प्रकल्प इतक्या वेळा का फसतात? विचारणाऱ्यांची नुकतीच अशाच एका प्रकल्पावर खात्याकडून समन्वयक म्हणून नेमणूक झाली आहे. भ्रष्टाचार हेच खरं कारण का, असंही त्यांनी जाता जाता विचारलंय.

या शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो. पैसे खाल्ले जातात, नाही असं नाही. पण गेल्या पंचवीसेक वर्षांत मी जे प्रकल्प आतून पाहिले, निम्मे कंपनीच्या बाजूने आणि निम्मे खात्याच्या बाजूने, त्यांतले फसलेले बहुतेक प्रकल्प प्रामाणिक माणसांनी, नियमाला धरून, सगळ्या सह्या रीतसर घेऊन बुडवले. म्हणून 'चोर पकडा म्हणजे झालं' या उत्तराचा मला कंटाळा आलाय. माझं उत्तर वेगळं आहे. सॉफ्टवेअर बनवायचं तर बनवणाऱ्याला ते काम शिकावं लागतं, आणि हे शिकणं बनवता बनवताच होतं. सरकारी पद्धतीत मात्र करारावर सही झाली की त्यानंतर नवं काही कळणं ही अडचण होऊन बसते. ज्याला ते कळतं त्याला ते सांगायची सोय नसते, आणि ज्याने ऐकायचं त्याला ऐकून घेणं परवडत नाही.

खासगी कंपन्यांचे प्रकल्पही फसतात, हे विसरू नका. जर्मनीतल्या लिडल या किराणा साखळीने सात वर्षं खपून, सुमारे ५० कोटी युरो घालवून आपली नवी प्रणाली २०१८ साली गुंडाळली. फरक इतकाच की कंपनी तोटा सोसून विषय संपवते. सरकारमागे लेखापरीक्षक, विरोधी पक्ष आणि चौकशी आयोग लागतात, म्हणून सरकारी फजितीचा तपशील आपल्याला वाचायला मिळतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०११ साली १,४७१ संगणक प्रकल्पांचा हिशोब मांडला होता. खर्च सरासरी २७ टक्क्यांनी वाढलेला निघाला. ऐकायला बरं वाटतं. पण दर सहांपैकी एका प्रकल्पाचा खर्च सरासरी २०० टक्क्यांनी फुगला होता. अंदाजपत्रकात आकस्मिक खर्चासाठी पंधरा-वीस टक्के धरून निर्धास्त होणाऱ्यांनी हा दुसरा आकडा टेबलासमोर चिकटवून ठेवावा. धोका असतो तो त्या सहाव्या प्रकल्पात, आणि आपला प्रकल्प सहावा आहे हे सुरुवातीला कुणाच्याच लक्षात येत नाही.

आता मी स्वतः पाहिलेलं एक सांगतो.

एका खात्याच्या निवृत्तिवेतन प्रणालीवर मी कंपनीकडून काम करत होतो. गरजा समजून घ्यायला आमची माणसं तीन महिने खात्यात बसली. साहेबांनी नियमपुस्तक दिलं, त्यावरून आकृत्या काढल्या, प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या. चौदाव्या महिन्यात वापरकर्त्यांची चाचणी लागली. शाखेतल्या एक वरिष्ठ लिपिक बाई पहिली चार प्रकरणं टाकून पाहतात आणि म्हणतात, "चारही चुकलीत." आम्ही नियम उघडून दाखवला. त्यांनी खणातून एक उभी वही काढली. पुठ्ठ्याला चिकटपट्टी, आत निळ्या शाईत नोंदी आणि लाल शाईत दुरुस्त्या. निलंबन नंतर रद्द झालं तर मधला काळ कसा धरायचा. दोन खात्यांत सेवा झालेल्या माणसाचा कुठला भाग कुणाच्या माथी. कुटुंब-वेतनाचे दोन वाटेकरी असताना एकाचं वय उलटलं, तर त्याचा वाटा दुसऱ्याला कुठल्या तारखेपासून. न्यायालयाच्या निकालामुळे फक्त एका तुकडीला लागू झालेली वाढ. शंभरावर नोंदी होत्या, आणि प्रत्येकीशेजारी कुठल्या तरी पत्राचा क्रमांक. नियमपुस्तकात यातली एकही नव्हती. असायचं कारणही नव्हतं. मी विचारलं, बाई, हे आधी का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, "मला कुणी विचारलं? तुम्ही साहेबांना विचारलंत."

खात्याचं खरं कामकाज त्या वहीत होतं. कराराला जोडलेल्या परिशिष्टात त्याची सावलीसुद्धा नव्हती.

हे एका खात्याचं दुखणं नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड राज्याच्या आरोग्य खात्यात ७८,००० कर्मचारी, आणि पगाराच्या निरनिराळ्या करारांतून, भत्त्यांतून निघणाऱ्या संभाव्य जुळण्या २४,०००. रात्रपाळी, दुर्गम भाग, बोलावणं आल्यास हजर राहण्याचा भत्ता, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं. मार्च २०१० मध्ये तिथे नवी पगार प्रणाली सुरू झाली आणि पहिल्याच पगारापासून कुणाला कमी, कुणाला जास्त, कुणाला काहीच नाही असा गोंधळ उडाला. सुरुवातीची ठरलेली किंमत होती सुमारे ६१.९ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. २०१३ च्या चौकशी आयोगाने आठ वर्षांचा एकूण बोजा १२० कोटी डॉलरच्या घरात धरला, कारण प्रणाली चालवायला, म्हणजे हाताने दुरुस्त करत राहायला, हजाराहून जास्त माणसं लागत होती. काम हलकं करायला आणलेलं यंत्र! कॅनडाच्या केंद्र सरकारच्या फिनिक्स प्रणालीत तर पगाराचे ८०,००० हून अधिक नियम होते. बाहेरच्याला वाटतं, पगार म्हणजे बेरीज-वजाबाकी. सरकारी पगार म्हणजे पन्नास वर्षांच्या वाटाघाटी, संप, तडजोडी आणि निकाल यांचा थर. तो खणून काढणं हाच प्रकल्प असतो. प्रोग्रॅम लिहिणं त्यामानाने सोपं.

आता त्या वहीचं पुढे काय होतं ते पाहा, कारण प्रकल्प तिथे बुडतो.

वहीतली प्रत्येक नोंद कराराच्या भाषेत 'वाढीव काम' ठरते. वाढीव काम म्हटलं की चेंज रिक्वेस्ट, म्हणजे करारात बदलाची लेखी मागणी. चेंज रिक्वेस्ट म्हटलं की अंदाज, वाटाघाट, वित्त विभागाचा शेरा, समितीपुढे ठेवणं, सात-आठ सह्या. सही करणाऱ्याच्या डोक्यात एकच विचार: उद्या लेखापरीक्षक विचारेल, हे निविदेत का नव्हतं? चूक कुणाची? म्हणून तो सही करत नाही. 'तपासून सादर करा' लिहितो. इकडे कंपनी, आणि मी त्या बाजूला बसलेलो असल्यामुळे हे कबूल करतो, निविदा जिंकताना दर तोडून बसलेली असते. नफा कुठून काढायचा तर या वाढीव कामांतून, हा हिशोब पहिल्या दिवसापासूनचा. निविदेतल्या गरजा ढोबळ आहेत हे आमच्या अनुभवी माणसाला वाचताक्षणी कळतं. तो बोलत नाही. बोलला तर दर वाढवावा लागेल, आणि दर वाढवला तर न बोलणारा प्रतिस्पर्धी काम घेऊन जाईल. सगळ्यांत कमी दराला काम द्यायची पद्धत अशी चालते: कामाची गुंतागुंत ज्याला सगळ्यांत कमी समजली आहे, किंवा जो न समजल्याचं सोंग उत्तम करतो, त्याच्या गळ्यात माळ पडते.

बरं, गरजा तपशीलवार लिहिल्या तर सुटका होते का? अमेरिकेच्या एफबीआयने तपासाच्या फायली संगणकावर आणण्यासाठी 'व्हर्च्युअल केस फाइल' काढली होती. गरजांचा दस्तऐवज आठशेहून अधिक पानांचा. कुठलं बटण कुठे असावं इथपर्यंत. प्रत्यक्ष पडदे दिसायला लागले तसे तपास अधिकारी म्हणू लागले, हे असं नको, तसं हवं. शेकडो बदल आले. त्या व्यापक आधुनिकीकरणाच्या काळात माहिती-तंत्रज्ञानाची प्रमुख पदं सांभाळणारी माणसं पंधरा झाली, त्यात पाच मुख्य किंवा हंगामी मुख्य माहिती अधिकारी. डिसेंबर २००३ मध्ये सात लाखांवर ओळींचा कोड हाती आला आणि २००५ मध्ये तो सगळा बाजूला ठेवला गेला. १७ कोटी डॉलर गेले. आठशे पानं म्हणजे अचूकपणा नव्हे. दोन वर्षांपूर्वी आपल्याला जे वाटत होतं, ते फक्त जास्त पानांवर लिहिलेलं असतं.

ब्रिटनच्या आरोग्य सेवेने २००२ साली हाती घेतलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातही असंच. कंत्राटं झपाट्याने झाली, आणि रुग्णालयांना द्यायचं 'लोरेंझो' हे सॉफ्टवेअर करार झाले तेव्हा पुरतं तयारच नव्हतं. ज्या डॉक्टर-परिचारिकांनी ते वापरायचं, त्यांना नीट विचारलेलं नव्हतं. कंत्राटदार कंपन्यांपैकी अॅक्सेंचर २००६ मध्ये बाहेर पडली, २००८ मध्ये फुजित्सूचा करार संपुष्टात आला, आणि २०११ मध्ये सरकारने कार्यक्रम मोडीत काढत असल्याचं जाहीर केलं.

तारीख हा दुसरा मोठा विषय. सरकारी प्रकल्पाची तारीख कामाच्या मोजमापातून येत नाही. ती भाषणातून येते, आर्थिक वर्षातून येते, नाहीतर जुन्या प्रणालीचा देखभाल करार कधी संपतो यावरून येते. एकदा जाहीर झाली की ती हलवणं म्हणजे कुणाचं तरी नाक कापणं. मग पैसा ठरलेला, तारीख ठरलेली, काम ठरलेलं. सरकायला जागा उरते फक्त एकीकडे, दर्जाकडे. चाचणीचे दिवस आधी कापले जातात. क्वीन्सलँडमध्ये चाचणीत दोष निघत राहिले तसे 'किती गंभीर दोष असताना पुढे जायचं' याचे निकषच सैल केले गेले. ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटरवरचे आकडे खरवडायचे, तसा प्रकार. मी स्वतः अशा बैठकीत बसलोय. टेबलावर दोषांची यादी, आणि चर्चा कसली तर 'पहिल्या श्रेणीचा' दोष 'दुसऱ्या श्रेणीत' कसा बसवता येईल याची. संध्याकाळपर्यंत पहिल्या श्रेणीचा एकही दोष उरला नव्हता आणि कोडची एक ओळही बदलली नव्हती. त्या कागदावर माझी सही आहे.

फिनिक्सबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण अशा चुका एकाच ठिकाणी इतक्या व्यवस्थित मांडलेल्या क्वचित दिसतात. कॅनडाच्या महालेखापरीक्षकांनी २०१८ च्या अहवालात याला आकलनापलीकडचं अपयश म्हटलं. बांधणी आणि अंमलबजावणीसाठी मंजूर रक्कम १५.५ कोटी कॅनेडियन डॉलर. कंपनीने, म्हणजे आयबीएमने, सांगितलं की २७.४ कोटी लागतील. इथे दोन रस्ते होते. वर जाऊन म्हणायचं, अंदाज चुकला, पैसे वाढवा किंवा मुदत वाढवा. दुसरा रस्ता, काम कापायचं. प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांनी दुसरा धरला. ठरलेल्या ९८४ कार्यांपैकी शंभराहून अधिक काढून टाकली किंवा नंतरवर ढकलली. त्यात मागील तारखेपासूनच्या पगारवाढीचा हिशोब करण्याची सोयही होती. वेतनकरार उशिरा होणं आणि फरक मागाहून मिळणं ही सरकारी नोकरीतली नेहमीची गोष्ट, तीच वजा. एका खात्यात आधी चालवून बघायचं ठरलं होतं, ते रद्द केलं. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे वर्षाला ७ कोटी डॉलर वाचतील हे गृहीत धरून, नवी प्रणाली स्थिरावण्याआधीच ४६ खात्यांतले सुमारे १,२०० पगार-सल्लागार कमी केले. म्हणजे वह्या ज्यांच्याकडे होत्या तीच माणसं. २०१६ च्या फेब्रुवारी आणि एप्रिलमध्ये दोन टप्प्यांत प्रणाली सुरू झाली, २ लाख ९० हजार कर्मचाऱ्यांसाठी. चुका दिसल्या तेव्हा परतायला वाट नव्हती: जुनी यंत्रणा बंद, जुनी माणसं घरी. पगार न मिळालेल्या लोकांच्या, आणि जास्त मिळाल्यामुळे परतफेडीच्या नोटिशी आलेल्या लोकांच्या कहाण्या पुढे कित्येक वर्षं येत राहिल्या, आणि दुरुस्तीवर अब्जावधी डॉलर गेले.

यात कुणी लाच खाल्ली म्हणून हे झालं नाही. प्रत्येकाने आपापल्या चौकटीत कार्यक्षमता दाखवली. बजेटच्या आत राहा, तारखेला सुरू करा, बचत दाखवा. तिन्ही निकषांवर सुरुवातीला सगळं हिरवं होतं.

हिरवं म्हणजे काय, तेही सांगायला हवं. दर पंधरवड्याला प्रगतीचा तक्ता वर जातो, आणि त्यात हिरवा रंग म्हणजे सगळं सुरळीत. प्रोग्रॅमर आपल्या टीम लीडला सांगतो, जुन्या नोंदी नव्या प्रणालीत बसतच नाहीयेत. लीड लिहितो, नोंदींच्या स्थलांतरात काही अडचणी आहेत. प्रकल्प व्यवस्थापक लिहितो, स्थलांतर सुरू आहे, काही बाबींचा पाठपुरावा चालू. खात्याचा समन्वयक (म्हणजे आता तुम्ही) तेच एका स्लाइडवर घेतो: स्थलांतर प्रगतिपथावर. सुकाणू समितीला पाऊण तासात नऊ विषय उरकायचे असतात. स्लाइड चार सेकंद दिसते. यात कुणी खोटं बोललेलं नसतं. प्रत्येकाने फक्त एकेक शब्द सौम्य केलेला असतो. वरच्या साहेबांना वाईट बातमी आवडत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, आणि ती सर्वांत आधी सांगणाऱ्याच्या गोपनीय अहवालात तिची नोंद होते, हेही.

त्यात बदल्या. मोठा प्रकल्प पाच-सहा वर्षं चालतो, अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतो. सुरू करणाऱ्याला श्रेय उद्घाटनाचं, संपवणाऱ्याला वाटणीला येते ती चौकशी. मधल्याच्या दृष्टीने शहाणपण कशात, तर आपल्या काळात फुटू न देण्यात. माझ्या एका प्रकल्पावर चार वर्षांत चार प्रमुख झाले. प्रत्येक नव्या प्रमुखाला समजावण्यात तीन महिने जायचे, आणि प्रत्येकाला एक तरी नवं वैशिष्ट्य हवं असायचं, ज्यावर आपलं नाव राहील.

अमेरिकेच्या आरोग्यविम्याच्या संकेतस्थळाची, हेल्थकेअर डॉट गव्हची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली आहे. १ ऑक्टोबर २०१३ ला ते उघडलं आणि पहिल्या दिवशी अख्ख्या देशातून नोंदणी पूर्ण झाली सहा जणांची. लोक म्हणतात, गर्दी झेपली नाही. गर्दी होतीच, पण योजना बघण्याआधीच खातं उघडायची सक्ती केल्यामुळे सगळा लोंढा एका अरुंद दारात अडकला. मला त्या गोष्टीतला दुसरा भाग जास्त बोलका वाटतो. ६० कंत्राटं, ३३ कंपन्या, आणि सगळं मिळून एक चीज चालते की नाही याची जबाबदारी एका माणसावर नाही. स्थळ चालू आहे की कोसळलंय हे दाखवणारी धड देखरेखही नव्हती. नंतर बाहेरून आलेल्या छोट्या गटाने केलं काय? सगळ्या कंपन्यांची माणसं रोज सकाळ-संध्याकाळ एका बैठकीला बसवली, आणि नियम घातला की जो विषय आहे त्याबद्दल ज्याला जास्त माहीत आहे तो बोलेल, हुद्दा कुठलाही असो. दोन महिन्यांत बहुसंख्य लोकांना स्थळ वापरता येऊ लागलं. कोड बराचसा तोच होता, माणसंही बरीचशी तीच होती. बातमी वरपर्यंत न विरघळता पोचू लागली, एवढा फरक.

नोंदींच्या स्थलांतराबद्दल एकच परिच्छेद, नाहीतर मी थांबणार नाही. जुन्या नोंदी 'घाण' असतात असं आयटीवाले नाक मुरडून म्हणतात. त्या घाणीत अर्थ असतो. एका प्रणालीत हजारो माणसांची जन्मतारीख १ जानेवारी होती. आमच्या पोराने ती चूक समजून गाळायचा प्रोग्रॅम लिहिला. त्याचा अर्थ होता 'वर्ष माहीत आहे, दिवस माहीत नाही', आणि सगळी शाखा तो गेली तीस वर्षं तसाच वाचत होती. निवृत्तीचा महिना त्यावरून ठरायचा. प्रोग्रॅम चालायच्या आदल्या दिवशी हे कळलं, तेही चहाच्या टेबलावर.

काही प्रकल्प तर याहून वाईट पद्धतीने फसतात: ते चालतात. ऑस्ट्रेलियातली 'रोबोडेट' योजना घ्या. कल्याणकारी भत्ता घेणाऱ्यांचं वर्षाचं उत्पन्न करखात्याकडून घ्यायचं, त्याचे २६ पंधरवड्यांत समान भाग करायचे, आणि माणसाने सांगितलेल्या आकड्याशी जुळलं नाही तर वसुलीची नोटीस. समजा, एखाद्याने अर्धं वर्ष काम करून दर पंधरवड्याला २,००० डॉलर कमावले आणि उरलेलं अर्धं वर्ष बेकार राहून रीतसर भत्ता घेतला. सरासरीच्या हिशोबात तो वर्षभर पंधरवड्याला १,००० कमावत होता. म्हणजे बेकारीच्या काळात त्याने उत्पन्न लपवलं. गणित यंत्राने बरोबर केलं. चूक कायद्याच्या वाचनात होती, आणि ज्या कर्मचाऱ्याने पूर्वी प्रत्येक प्रकरण उघडून पाहिलं असतं त्याला मधून काढलं होतं. २०२३ मध्ये शाही चौकशी आयोगाने या योजनेला ना न्याय्य ना कायदेशीर ठरवलं.

आणि ब्रिटनच्या टपाल खात्याची होरायझन प्रणाली. तिचा जन्मच अवघडलेला: १९९६ साली ती टपाल कार्यालयं आणि कल्याण भत्त्याची कार्डं अशा जोडकामासाठी निघाली होती, १९९९ मध्ये भत्त्याचं काम वगळलं, आणि उरलेला भाग देशभर बसवला. हिशोबात तूट दिसली की खात्याचं म्हणणं एकच: प्रणाली बरोबर, उपटपालचालक (म्हणजे करारावर टपाल कार्यालय चालवणारा माणूस) चोर. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. तुरुंग, दिवाळं, बदनामी. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतले दोष मान्य केले, आणि २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्यांतल्या शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या. शंका घेणारा प्रत्येक फोन 'असं फक्त तुमच्याकडेच होतंय' या उत्तरावर संपत असे. खात्याने स्वतः शिकायचं नाकारलं की वापरणाऱ्याला गुन्हेगार ठरवणंच तेवढं उरतं.

मग मोठं काही करूच नये का? करावं लागतंच. कायदा एका दिवसापासून सगळ्यांना लागू होतो. 'सध्या दहा टक्के नागरिकांना' असं सरकारला प्रत्येक वेळी म्हणता येत नाही. लहान लहान तुकड्यांत करा हा सल्ला बरोबर असला तरी तो देणाऱ्यांना ही अडचण बहुतेक वेळा माहीत नसते. तरीही फट सापडते. त्याच एफबीआयने 'सेंटिनेल' नावाने पुन्हा प्रयत्न केला. २००६ मध्ये पुन्हा बाहेरच्या मोठ्या कंपनीला काम दिलं, पुन्हा रखडलं. २०१० मध्ये संस्थेने काम स्वतःच्या हातात घेतलं, माणसं वाढवण्याऐवजी कमी केली, दर दोन आठवड्यांनी चालणारा तुकडा तपास अधिकाऱ्यांपुढे ठेवायचा असं ठरवलं. उशीर झालाच, पण जुलै २०१२ मध्ये प्रणाली वापरात आली, ४५.१ कोटी डॉलरच्या मर्यादेच्या आसपास. यातलं दोन आठवड्यांचं प्रकरण सगळे उचलतात आणि 'आम्हीही अजाइल' (म्हणजे छोट्या तुकड्यांत काम करणारे) म्हणून भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावतात. महत्त्वाचं होतं ते आधीचं वाक्य: काम स्वतःच्या हातात घेतलं. कोड वाचू शकणारी, कंपनीला 'हे खोटं सांगताय' म्हणू शकणारी चार-सहा माणसं खात्याच्या पगारावर असणं. नाहीतर पर्यवेक्षणासाठी सल्लागार नेमावा लागतो, आणि मग त्या सल्लागारावर लक्ष ठेवायला दुसरा.

आता तुमच्या नेमणुकीबद्दल. पहिल्या आठवड्यात सादरीकरणं मागवू नका; सगळी चांगलीच असतील. काम जिथे होतं त्या खिडकीच्या आत दोन दिवस बसा. नियमांत न बसणारी प्रकरणं कुठे ठेवली जातात ते विचारा. खण असेल, वही असेल, कुणाची तरी एक्सेल फाइल असेल. ती मिळवा, तिची प्रत कंपनीच्या हातात द्या, आणि ती दिल्याची तारीख लिहून ठेवा. मग कंपनीच्या सगळ्यांत धाकट्या प्रोग्रॅमरशी, त्याच्या साहेबाविना, अर्धा तास बोला. त्याला फक्त एवढंच विचारायचं: तुझ्या मते हे कधी चालू होईल? त्याचं उत्तर आणि तक्त्यातली तारीख यांत जेवढं अंतर, तेवढा तुमचा प्रकल्प मागे आहे.

जुनी आणि नवी प्रणाली निदान तीन महिने शेजारी शेजारी चालवायची तरतूद करारात आहे का, बघा. तीन महिने का, तर महिनाअखेर, तिमाही आणि एखादी मागील तारखेची दुरुस्ती एवढं तरी त्यात पडतं. दोन्हींचे निकाल जुळवून पाहणारी माणसं कोण, आणि ती याच काळात दुसऱ्या कामाला तर जुंपलेली नाहीत ना? जुन्या शाखेतल्या माणसांच्या बदल्यांचे आदेश निघाले असतील तर ते थांबवून घ्या. हे एकच काम जमलं तरी तुम्ही पगार वसूल केलात.

आणि एक प्रश्न लेखी विचारा, कारण तोंडी विचारलात तर हसून सोडून देतील: ही प्रणाली ठरलेल्या तारखेला सुरू करू नका, असं म्हणायचा अधिकार नावानिशी कुणाला आहे? बहुतेक वेळा उत्तर येतं, 'समितीला'. समितीच्या कुठल्या सदस्याला, हे विचारणारं दुसरं पत्र त्याच दिवशी टाका. माझ्या अनुभवात या दुसऱ्या पत्राला उत्तर फक्त दोनदा आलं. त्यांतला एक प्रकल्प पाच महिने उशिरा सुरू झाला, वर्तमानपत्रांनी झोडपलं, आणि तो आजही चालतोय. त्या लिपिक बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या. त्यांचं स्वतःचं निवृत्तिवेतन पहिल्या महिन्यात बरोबर आलं का, हे विचारायला मी फोन केला होता. "आलं," त्या म्हणाल्या, "पण मी हाताने मांडून बघितलं आधी."